रुग्णाची सोबत



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावणे धाडले, तेव्हा त्यांच्या मनात यंत्रमाग कामगारांच्या वेतनाचा विषय होता. तो विषय आमच्या अंगवळणी पडलेला आहे. तीस वर्षे कारखान्यांच्या दारांत उभे राहून आम्ही त्यावर बोलत आलो. परंतु या खेपेस आम्हीच चालकांना विनंती केली, की आम्हाला दुसऱ्या एका कामाविषयी बोलू द्यावे. त्या कामाला पगारपत्रक नाही, पाळी नाही, सुट्टी नाही आणि संघटनाही नाही. ते काम म्हणजे रुग्णाची सोबत.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात आणि कामगार कचेरीच्या बाकावर बसून झाले. तेव्हा वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा दावा नाही. आमच्या पत्नीला २०२२ साली तोंडाचा कर्करोग झाला. तिच्या शेजारी बसून जे शिकलो, तेवढेच आपणापुढे मांडावयाचे आहे. आणखी एक खुलासा. आम्ही बोलताना 'मी' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणतो. चळवळीत आयुष्य गेले की ही खोड लागते. या 'आम्ही'ने आम्हाला एकदा चांगलेच अडचणीत आणले. ती हकीगत पुढे येईलच.

वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. त्यांचे देहावसान १९०१ साली झाले. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी पतीच्या अखेरच्या आजारापर्यंतच्या आठवणी १९१० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. पत्नीने पतीची शुश्रूषा करावी, यात आपल्याकडे कोणाला नवल वाटत नाही. तो तिचा धर्मच समजला जातो. परंतु पतीने पत्नीची शुश्रूषा केली, तर शेजारीपाजारी कौतुक करतात आणि थोडी कीवही करतात. आम्हाला दोन्ही मिळाले. खरे सांगावयाचे तर दोन्हींवर आमचा हक्क नव्हता. ते का, ते ऐका.

आमची पत्नी कांड्या भरण्याच्या कामाला जात असे. पहाटे उठल्यावर चुलीवर तवा ठेवून तंबाखू काळी होईतो भाजावयाची, चुरून तिची मशेरी करावयाची आणि बोटाने दातांना लावून बसावयाचे, हा तिचा लहानपणापासूनचा परिपाठ. तिच्या आईचाही तोच होता. मशेरी लावल्यावाचून दिवस उजाडला असे वाटत नाही, असे या बाया म्हणतात. आम्ही कारखान्यांत कापसाच्या तुसाविषयी भाषणे केली, मागांच्या आवाजाने कान जातात म्हणून निवेदने दिली. घरात रोज भाजल्या जाणाऱ्या तंबाखूचा वास मात्र आमच्या नाकाला कधी खुपला नाही. इतक्या वर्षांत आम्ही तिला एकदाही म्हटले नाही, की हे सोड. बाहेरच्या विषाविरुद्ध लढणारा माणूस घरातल्या विषापाशी मुका होता.

तिच्या डाव्या गालाच्या आतून आधी एक पांढरा चट्टा दिसू लागला. मग तेथे जखम झाली. तिखट लागेना म्हणून तिने भाजीतले तिखट कमी केले, आणि आम्ही भाजी अळणी झाली म्हणून कुरकुर केली. चार महिने असेच गेले. तोंड पुरते उघडेना, तेव्हा कोठे डॉक्टरांकडे गेलो. जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासावयास पाठविला आणि निदान झाले. आपणांपैकी प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे : तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत भरून न येणारी जखम, गिळताना अडचण, मानेत गाठ, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हे घरच्या घरी पाहता येते. आमच्या पत्नीचे तेव्हा दीड बोट जात होते. भारतात एकट्या २०२२ सालात कर्करोगाचे चौदा लाखांहून अधिक नवे रुग्ण निघाल्याचा अंदाज आहे, आणि तोंडाचा कर्करोग आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणात आढळतो. तंबाखू हे त्याचे मुख्य कारण आहे. तो कपाळी लिहून येत नाही.

निदान झाल्यावर पहिला प्रश्न पैशाचा. राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार यांचा खर्च बसला. इतरांचे अर्ज भरून देण्यात आमचा जन्म गेला. या खेपेस आमच्याच शिधापत्रिकेची प्रत हाती घेऊन खिडकीपुढे उभे राहिलो. योजना चांगली आहे, तिला आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु ती रुग्णाला ओळखते, रुग्णाबरोबर आलेल्या माणसाला ओळखत नाही. त्याने कोठे झोपावे, काय खावे, त्याचा बुडालेला रोज कोणी भरून द्यावा, याला तेथे रकाना नाही. रेल्वे मात्र कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता भाड्यात सवलत देते, आणि सोबतच्या एका माणसालाही देते. सोबत्याची नोंद घेणारे सरकारी खाते आम्हाला हे एवढेच भेटले.

मुंबईत कर्करोगाचे उपचार म्हटले की परळचे नाव निघते. तेथले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, तेव्हा त्यात ८० खाटा होत्या. त्याची मुळे एका पतीच्या दुःखात आहेत. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, आणि पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने पुढे हे रुग्णालय उभारले. श्रीमंताला विलायतेत उपचार मिळतो, पण आपल्या देशातल्या माणसाने कोठे जावे, हा प्रश्न त्यातून सुटू लागला. मात्र खेड्यापाड्यांतून आलेला रुग्ण दवाखान्यात शिरतो, तेव्हा त्याच्यामागे एक माणूस पिशवी घेऊन उभा असतो, आणि तो रात्री रस्त्यावर येतो. त्याची चिंता वाहिली गाडगे महाराजांसारख्यांनी. त्यांच्या मिशनची दादरची धर्मशाळा आजही बाहेरगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. आम्हीही अशाच एका धर्मशाळेत राहिलो. तेथे जिन्यावर बसून आम्ही जे वैद्यकीय शिक्षण घेतले, ते कोणत्या पुस्तकात नाही. नळी कशी धुवावी, पेज किती पातळ असावी, कोणती खिडकी किती वाजता उघडते, हे सारे एक सोबती दुसऱ्याला शिकवीत होता. नांदेडचा एक शेतकरी आणि बिहारमधला एक रिक्षावाला हे आमचे गुरू.

शस्त्रक्रिया नऊ तास चालली. गालाचा आतला भाग, खालच्या जबड्याच्या हाडाचा तुकडा, जिभेची कड आणि मानेतल्या गाठी काढल्या. छातीवरचे मांस घेऊन गालाला ठिगळ लावले. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसविलेली, अन्नासाठी नाकातून पोटात गेलेली दुसरी नळी. आम्ही तिला पाहिले आणि क्षणभर ओळखले नाही. तिने मात्र आम्हाला ओळखले. हात हलवून खूण केली, ती आम्हाला वाटली 'या' अशी. ती होती 'रडू नका' अशी. हे तिने पुढे महिनाभराने सांगितले.

जखमा भरल्यावर किरणोपचार सुरू झाले. आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा आठवडे, एकूण तीस बैठका, आणि दर आठवड्यास शिरेतून औषध. किरणांचा उपचार दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो आणि त्या वेळी दुखत नाही. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात आम्हाला वाटले, हे तर सोपे आहे. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलून निघाल्यासारखे झाले. लाळ आटली, चव गेली, मानेची कातडी काळी पडून सुटू लागली. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून सहा-सात वेळा चुळा भरावयाच्या, आणि प्रत्येक चूळ म्हणजे शिक्षा. तिचे वजन ५२ किलोंवरून ४१ वर आले. उपचार संपल्यावरही दोन-तीन आठवडे हा दाह वाढतो किंवा तसाच राहतो. हे कोणी आधी सांगितले नाही, तर उपचार संपूनही बरे वाटत नाही म्हणून घरची माणसे हाय खातात. म्हणून हे येथे मुद्दाम सांगितले.

आम्ही या संकटाला आमच्या धंद्याच्या रीतीने भिडलो. एक वही घातली. औषधांच्या वेळा, नळीतून किती वेळा काय दिले, वजन, ताप, डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न, सारे तारीखवार. वहीचा उपयोग फार झाला, आणि ती प्रत्येकाने घालावी असे आम्ही सांगू. परंतु कामगार पुढाऱ्याची दुसरीही एक रीत असते. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने बोलणे, हा आमचा व्यवसाय. मालकापुढे कामगार मान खाली घालून उभा राहतो आणि आम्ही त्याचे गाऱ्हाणे मांडतो. येथे तर आमच्या पत्नीला खरोखरच बोलता येत नव्हते. मग काय विचारता ! डॉक्टरांनी तिला प्रश्न विचारावा आणि उत्तर आम्ही द्यावे. भूक कशी आहे, झोप कशी लागते, शौचाला होते का, साऱ्यांची उत्तरे आमच्यापाशी तयार. वही होतीच.

किरणोपचाराच्या पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारले, "दुखणे कितपत आहे ?" आम्ही म्हणालो, "आता आम्हाला बरेच बरे आहे." तिच्यापाशी एक मुलांची पाटी होती. तिने ती मांडीवर घेतली, पेन्सिल कचकचत लिहिले आणि डॉक्टरांच्या तोंडासमोर धरली. "मला दुखतंय. यांना नव्हे."

डॉक्टर तरुण होते. त्यांना हसू आले, आम्हाला ते आले नाही. तिला चार दिवस झोप नव्हती आणि दुखणे असह्य झाले होते, हे त्या दिवशी पाटीवरून कळले. त्याच खोलीत, तिच्या उशापाशी आम्ही चार रात्री काढल्या होत्या. वहीत मात्र आम्ही लिहिले होते, 'रात्री शांत'. ती शांत होती कारण तिला ओरडता येत नव्हते. डॉक्टरांनी वेदनाशामक बदलून दिले आणि त्या रात्री ती झोपली. आम्ही जागे राहिलो. ज्या कामगारांच्या वतीने आम्ही तीस वर्षे बोललो, त्यांतल्या किती जणांच्या हाती आम्ही पाटी दिली होती, हा विचार त्या रात्री प्रथम मनात आला.

उपचार संपले. आता घरी जावयाचे, असे आम्ही धरून चाललो होतो. परंतु तिला गिळता येत नव्हते, खांदा उचलत नव्हता, तोंड जेमतेम बोटभर उघडत होते आणि शब्द फुटत नव्हता. डॉक्टरांनी सल्ला दिला, की गावी जाण्यापूर्वी दोन महिने पुनर्वसनाच्या ठिकाणी ठेवा. शहराबाहेर एका संस्थेचे असे केंद्र होते. वीस-पंचवीस खाटा, सभोवार झाडे, रुग्णाबरोबर घरचे एक माणूस राहू शकेल अशी सोय.

गावाकडे ही वार्ता पोचताच आमचे मेहुणे धावत आले. ते म्हणाले, "दाजी, आमच्या अक्काला तुम्ही आश्रमात टाकणार ? आम्ही मेलो काय ?" आमच्या थोरल्या बंधूंचेही तेच म्हणणे. आपल्या समाजात घराबाहेर ठेवणे म्हणजे टाकणे, असा समज आहे. तो समज उगीच आलेला नाही, कारण टाकलेली माणसे आपण पाहिली आहेत. आणि अशा ठिकाणांचे नाव काढले की लोकांना वाटते, आता आशा संपली. वास्तविक दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ज्यांचा आजार बरा होण्यासारखा राहिलेला नाही, त्यांची वेदना हलकी करून अखेरचे दिवस सुखाचे करणाऱ्या संस्था आहेत. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ साली निघाले, ते या देशातले अशा प्रकारचे पहिले. ते काम मोठेच आहे. पण पुनर्वसन म्हणजे उपचाराने वाचलेल्या माणसाला पुन्हा जगण्याच्या कामाला लावणे. मोडलेला हात प्लास्टर काढल्यावर लगेच चालत नाही, तशातली ही गोष्ट. आम्ही मेहुण्यांना म्हणालो, "तुम्ही अक्कांनाच विचारा." तिने पाटीवर लिहिले, "मला भाकरी खायची आहे. तिथे शिकवतात म्हणे." मेहुणे गप्प झाले.

या केंद्रात आम्ही जे पाहिले ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण ते पुष्कळांना ठाऊक नसते. किरणांमुळे जबड्याचे स्नायू आखडतात. रोज ताणले नाहीत, तर तोंड मिटत जाते आणि पुढे उघडणे कठीण होते. त्यासाठी तेथे लाकडी काड्या देत, आइसक्रीमच्या असतात तशा. काड्यांची चवड दातांमध्ये धरावयाची आणि काही दिवसांनी एक काडी वाढवावयाची. आमच्या पत्नीने ९ काड्यांपासून आरंभ केला. मानेतल्या गाठी काढताना खांद्याच्या नसेला इजा पोचते, म्हणून हात वर जात नाही. त्यासाठी भिंतीपाशी उभे राहून बोटांनी भिंत चढावयाची. कालची खूण आणि आजची खूण. गिळण्याचेही शिक्षण असते. पातळ पाणी गिळणे सर्वांत अवघड, ते चुकून श्वासनलिकेत जाते. दाट पेज त्या मानाने सोपी. हनुवटी छातीकडे झुकवावयाची, एकच लहान घोट, गिळावयाचे, पुन्हा गिळावयाचे आणि मग श्वास. निरोगी माणूस जे नकळत करतो, ते तिला पायऱ्या मोजून करावे लागत होते.

वाचा शिकविणाऱ्या बाई होत्या, वयाने आमच्या मुलीएवढ्या. पहिल्या दिवशी आम्ही शेजारी खुर्ची ओढून बसलो. बाईंनी पत्नीला विचारले, "तुमचं गाव कोणतं ?" तिने तोंड उघडले. आवाज आला, शब्द आला नाही. आम्ही झटकन गावाचे नाव सांगितले. बाईंनी दुसरा प्रश्न विचारला. त्याचेही उत्तर आम्ही दिले. तिसऱ्या खेपेस बाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, "काका, रागावू नका. उद्यापासून हा एक तास तुम्ही बाहेर बसा." आम्हाला सभांतून पोलिसांनी बाहेर काढलेले आहे, पण इतक्या आदराने कोणी बाहेर काढले नव्हते, आणि इतक्या योग्य कारणासाठीही नाही.

त्या व्हरांड्यात बसून आम्ही एक गोष्ट शिकलो. आजाऱ्याला मदत करण्याची घाई बहुतेक वेळा आजाऱ्यासाठी नसतेच. त्याची धडपड आपल्याला पाहवत नाही, म्हणून आपण हात पुढे करतो. तिच्या हातातला चमचा लटपटला की आम्ही तो घेत असू. तिचा शब्द अडला की आम्ही पुरा करीत असू. प्रत्येक वेळी आम्ही तिचे एकेक काम काढून घेत होतो. आणि कामगाराच्या हातचे काम काढून घेणे याला आम्ही आयुष्यभर काय म्हणत आलो, ते आपण जाणताच. सोबत म्हणजे त्याच्या जागी उभे राहणे नव्हे, त्याच्या शेजारी उभे राहणे. पहिले आम्हाला येत होते, दुसरे शिकावे लागले.

मग आम्ही थांबावयास शिकलो. ती बोलू लागली की मनात वीसपर्यंत आकडे मोजावयाचे, आणि तोवर तोंड मिटून ठेवावयाचे. भाषणावर ज्याने पोट भरले त्याला हे किती जड गेले असेल, याची कल्पना करा. सहाव्या आठवड्यात एके दिवशी आम्ही केंद्राच्या स्वयंपाकघरात पेज करून तिच्यापुढे ठेवली. तिने आपल्या हाताने एक चमचा घेतला, हनुवटी झुकवली, गिळले. थोडा वेळ गेला. आम्ही मोजीत होतो. अकराव्या आकड्याला ती म्हणाली, "मीठ नाही." शब्द जाड होते, पण होते. चव परत येऊ लागली होती आणि तक्रारही. आम्ही मीठ आणावयास उठलो, तर म्हणाली, "बसा. मी घेते."

निघताना तिच्या १४ काड्या झाल्या होत्या. नाकातली नळी निघाली होती. वजन ४५ किलो भरले. भाकरी अजून दुधात कुस्करूनच खाते. लाळ कमी म्हणून पाण्याची बाटली सदैव जवळ लागते. चेहऱ्याची डावी बाजू आत गेली आहे. पहिल्यांदा बाजारात गेली तेव्हा लोकांनी टक लावून पाहिले, आणि ती पदर ओढून परत आली. दुसऱ्या आठवड्यात पदर न ओढता गेली. ते धैर्य तिचे. आम्ही फक्त पिशवी धरली होती. या आजाराच्या उलटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वांत अधिक असतो. ती वर्षे निघाली. तरी तपासणीची तारीख जवळ आली की घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. बरे झाले असे आम्ही म्हणत नाही. आज बरे आहे, एवढे म्हणतो.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आमच्या धंद्याचा आहे. या सात महिन्यांत आम्ही स्वतः दोनदा चक्कर येऊन पडलो. एकदा बसमध्ये झोप लागली आणि शेवटच्या थांब्यावर वाहकाने जागे केले. औषध घेऊन निघालेला माणूस गाव सोडून पुढे गेला होता. हे का झाले ? मागावर एक कामगार चोवीस तास उभा करता येत नाही, हे आम्हाला पाठ आहे. त्याला बदली लागतो. मग रुग्णाच्या उशाशी एकच माणूस महिनोन्‌महिने कसा ठेवता ? घराघरांतून ही चोवीस तासांची पाळी कोणी बाई मुकाट्याने करीत आली आहे, म्हणून आपल्याला तिचा हिशेब कधी सुचला नाही. पुरुषाच्या वाट्याला आली तेव्हा आम्हाला सुचला. ही काही भूषणाची गोष्ट नाही.

आपल्या कामगार चळवळीचे आद्य पुरुष नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवून दिली. ते स्वतः १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेले. त्याच साली पुण्यात सावित्रीबाई फुले याही तशाच गेल्या. सेवा करणाराही माणूस असतो, त्याचेही शरीर झिजते, याची याहून मोठी साक्ष कोणती हवी ? आमचे म्हणणे इतकेच, की लोखंड्यांनी गिरणीत आणलेला रविवार रुग्णाच्या खोलीतही पोचला पाहिजे.

१९४८ च्या कायद्याने आलेल्या राज्य विमा योजनेत, अटी पुऱ्या झाल्या तर, कर्करोग झालेल्या कामगाराला दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. ही तरतूद मोलाची आहे आणि ती कित्येक कामगारांना माहीतही नसते. ती विचारून घ्या. परंतु ज्याचे माणूस आजारी आहे, त्याला सोबतीसाठी भरपगारी रजा त्या योजनेत नाही. तो बिनपगारी राहतो किंवा काम सोडतो. मागणीपत्रात हे कलम आम्ही आता घालतो. मालक हसतात. रविवारची मागणी प्रथम झाली तेव्हाही हसणारे असतील.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हाती काय आहे ? आमच्या पेठेत आम्ही एक साधी गोष्ट केली. एका कागदावर आठ नावे लिहिली. कोणाच्या घरी लांबलेला आजार असेल, तर आठवड्यातून एक दिवस, चार तास, या आठांपैकी एकाने जाऊन बसावयाचे आणि घरच्या माणसाला मोकळे करावयाचे. त्याने त्या वेळेत झोपावे, दाढी करावी, नाहीतर नुसते रस्त्यावर उभे राहावे. आजवर पाच घरी ही बदली पोचली. या कामाला पैसे लागत नाहीत. समाचाराला येणारी मंडळी अर्धा तास बसून उसासे टाकतात आणि चहा घेऊन जातात. त्यांनी उसासा घरी ठेवावा आणि एक रात्र द्यावी. आपल्या गावात, आपल्या आळीत असा एक कागद आज रात्री लिहिता येईल.

आणि ज्यांच्या घरी पहाटे तवा तापतो, त्यांनी आजच बोलावे. आम्ही बोललो नाही. त्या मौनाची किंमत आम्ही दिली नाही, तिने दिली.

हे भाषण लिहून झाल्यावर आम्ही तिला वाचून दाखविले. तिने दोन वाक्ये काढावयास लावली. ती कोणती, हे सांगण्याची परवानगी नाही. तिच्या वतीने आम्ही येथे जे बोललो, ते या खेपेस तिला विचारून बोललो. म्हणून आज 'आम्ही' हा शब्द आम्ही थोड्या हक्काने वापरला.